कृत्रिम पाय माळ्यावर का जातो? दिव्यांगांची साधने, ती बसवणारी माणसे आणि त्यांचे अपुरे शिक्षण

मागच्या पावसाळ्यात एक शेतकरी काका शुगर तपासायला माझ्या दवाखान्यात आले. वय बावन्न. दोन वर्षांपूर्वी मधुमेहामुळे पायाची जखम चिघळली आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुढे एका शिबिरात त्यांना कृत्रिम पाय मिळाला होता, हे मला माहीत होते. तरी ते दोन कुबड्यांवर आले.

"काका, पाय कुठे आहे?" मी विचारले.

"माळ्यावर," ते म्हणाले. "चावतो हो डॉक्टर. नवी चप्पल चावते ना, तसा. पण चप्पल निदान आठ दिवसांनी गप्प बसते."

यात माझीही चूक होती. वर्षभरापूर्वी ते त्याच पायाने आलेला फोड दाखवायला आले होते. मी मलम लिहून दिले आणि म्हणालो, "सवय होईल, वापरत राहा." मधुमेहाच्या माणसाला, ज्याचा एक पाय असाच एका जखमेतून गेला आहे, त्याला मी हे सांगितले. तो फोड चिघळला असता तर गुडघाही गेला असता. कृत्रिम पायाचे सॉकेट नीट बसले आहे की नाही हे कसे पाहायचे, ते मला एमबीबीएसला कोणी शिकवले नव्हते, आणि नंतरच्या वीस वर्षांत मीही शिकून घेतले नाही.

त्या दिवसानंतर मी हा विषय समजून घ्यायला लागलो. पाय वाईट नव्हता. काकांनीही हयगय केली नव्हती. पाय आणि माणूस यांच्यामध्ये जो एक शिकलेला माणूस असायला हवा, तो आमच्या तालुक्यात नव्हता. तो माणूस कोण, तो कसा तयार होतो आणि आपल्याकडे पुरेसा का तयार होत नाही, हे आज तुम्हाला सांगायचे आहे.

रिहॅबिलिटेशन इंजिनीअरिंग म्हणजे काय?

रिहॅबिलिटेशन म्हणजे पुनर्वसन. आजाराने, अपघाताने किंवा जन्मतः शरीराचे एखादे काम कमी झाले असेल, तर माणसाला पुन्हा रोजचे जगणे जमावे यासाठी केलेले सगळे प्रयत्न त्यात येतात. त्यातली साधने तयार करणे, ती त्या माणसाच्या शरीराला आणि घरादाराला जुळवणे आणि वर्षानुवर्षे चालती ठेवणे, हे रिहॅबिलिटेशन इंजिनीअरिंगचे काम. कृत्रिम हातपाय, पोलिओच्या पायाला लावायचे कॅलिपर, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, दृष्टिहीनांची काठी, बोलता न येणाऱ्या मुलासाठी बोलणारा टॅब, हे सगळे त्यात आले.

या कामात साधारण चार प्रकारची माणसे लागतात.

• पीएमआर डॉक्टर: फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन या विषयात एमडी केलेले. काय शक्य आहे आणि कोणते साधन हवे, हे ते ठरवतात.
• प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट: माप घेऊन कृत्रिम अवयव किंवा आधाराचे साधन बनवतात, बसवतात, दुरुस्त करतात.
• फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट: साधन घेऊन चालायला, बसायला, कामे करायला शिकवतात.
• रिहॅबिलिटेशन इंजिनीअर: नवे साधन शोधतो, असलेले सुधारतो आणि एखाद्याची गरज कुठल्याच तयार साधनात बसत नसेल तर त्यातून मार्ग काढतो.

हे वाचून परदेशी प्रकरण वाटेल, पण याचे जगातले एक नावाजलेले उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरमध्ये अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून जयपूर फूट घडवला. तेव्हाचे परदेशी पाऊल बुटात घालून, खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी होते. ते घोट्यात पुरेसे वळत नसे. आपला माणूस मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, चिखलात अनवाणी चालतो. सेठींना शरीर कळत होते, शर्मांना रबर, लाकूड आणि साचे कळत होते. दोघे एकाच छताखाली रोज रुग्णासमोर काम करत होते, म्हणून तो पाय झाला. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टर, कारागीर आणि वापरणारा माणूस एकत्र आल्यावर काय होते, हे आपण तेव्हाच पाहिले होते. मात्र अशा जोड्या ठरवून तयार करणारे शिक्षण आपण फार थोड्या ठिकाणी उभे केले.

माप चुकले की शरीरात काय होते?

"थोडे सैल, थोडे घट्ट चालायचेच" असे तुम्हाला वाटत असेल, तर हा भाग नीट वाचा.

पाय कापल्यानंतर उरलेल्या भागाला आम्ही स्टम्प म्हणतो. शस्त्रक्रियेनंतर तो सुजलेला असतो. पुढच्या काही महिन्यांत सूज उतरते, न वापरलेले स्नायू बारीक होतात आणि स्टम्पचा आकार बदलतो. त्यामुळे पहिले सॉकेट, म्हणजे ज्या कपात स्टम्प बसतो तो भाग, काही महिन्यांत सैल होणे अपेक्षितच असते. सैल सॉकेटमध्ये स्टम्प खाली घसरतो आणि भार नको तिथे पडतो. गुडघ्याच्या वाटीखालचा जाड बंध भार सोसतो. नडगीची पुढची कड आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला लागणारे हाडाचे टोक सोसत नाही. तिथे आधी लाली, मग फोड, मग जखम. मधुमेहात संवेदना कमी असेल तर दुखतही नाही, आणि ते जास्त धोक्याचे.

काकांचे नेमके हेच झाले होते. शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांच्या आत माप घेतले गेले, पाय मिळाला, फोटो निघाला, शिबिर संपले. सहा महिन्यांनी सॉकेट बदलायला कोणाकडे जायचे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

व्हीलचेअरचेही तसेच. मणक्याला इजा झालेल्या माणसाला कमरेखाली जाणीव नसते. आपण एका जागी बसून अवघडलो की नकळत कूस बदलतो, त्याला तसे समजत नाही. बसायच्या हाडांखालची त्वचा तासन्‌तास दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा कमी पडतो आणि दाबव्रण होतो. तो हाडापर्यंत गेला तर महिनोन्‌महिने अंथरूण, आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरला तर मृत्यूसुद्धा. खुर्ची फार रुंद असेल तर माणूस एका कुशीवर कलतो आणि सगळा भार एका हाडावर येतो. पाय ठेवायची पट्टी फार वर असेल तर मांड्या उचलल्या जातात आणि भार पुन्हा मागच्या हाडांवर जातो. दवाखान्यात पेशंटला इकडून तिकडे न्यायची खुर्ची आणि रोज दहा तास बसायची खुर्ची या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपल्याकडे अनेकांना पहिलीच दिली जाते.

म्हणून साधन ही औषधासारखी गोष्ट आहे असे समजा. योग्य डोस, योग्य माणूस आणि फेरतपासणी या तिन्ही गोष्टी नसतील, तर तेच साधन अपाय करते.

माणसे किती लागतील?

२०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. त्या जनगणनेत दिव्यांगत्वाचे मोजके प्रकार धरले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले, म्हणजे आजची गरज त्या आकड्यापेक्षा मोठी आहे. त्यात वयोमानाने गुडघे, कान आणि डोळे थकलेली माणसे मिळवा. आणि मधुमेह. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या थोड्यांच्या पायावर वेळ आली तरी संख्या मोठी होते.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात २५० कोटींहून अधिक लोकांना किमान एका सहायक साधनाची गरज आहे. यात चष्मेही आले. काही गरीब देशांत गरजूंपैकी जेमतेम ३ टक्के लोकांपर्यंत साधन पोहोचते, तर काही श्रीमंत देशांत ९० टक्क्यांपर्यंत. त्याच संघटनेने २०१७ मध्ये कृत्रिम अवयव सेवांचे निकष दिले. त्यात दर दहा लाख लोकसंख्येमागे ५ ते १० प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट असावेत असे म्हटले आहे.

हा हिशेब आपण घरच्या घरी करू शकतो. २०११ ची महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. म्हणजे त्या लोकसंख्येलाच राज्यात ५६० ते ११२० प्रशिक्षित माणसे लागतील, आणि ती सगळी मुंबई-पुण्यात असून चालणार नाही. तीस लाख लोकसंख्येच्या जिल्ह्याला १५ ते ३०. आता तुमच्या जिल्ह्यात अशी किती माणसे तुम्हाला ठाऊक आहेत, ते आठवून पाहा. मला आमच्या भागात शोधून एक सापडला, तोही आठवड्यातून एकदा दुसऱ्या शहरातून येणारा.

आजची शिक्षणाची वाट

कायद्याने हा विषय फार आधी ओळखला होता. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यात पुनर्वसन व्यावसायिकांची यादी आहे. तिच्यात 'रिहॅबिलिटेशन इंजिनीअर आणि तंत्रज्ञ' हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. या यादीतल्या व्यवसायांना परिषदेकडे नोंदणी लागते. परंतु मी आजवर पाहिलेल्या कोणत्याही जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या पाट्यांमध्ये 'रिहॅबिलिटेशन इंजिनीअर' ही पाटी मला दिसलेली नाही. नाव कायद्यात आहे, खुर्ची मात्र रुग्णालयात नाही.

वाटा मुख्यतः दोन आहेत.

पहिली वाट बारावी सायन्सनंतरची. बॅचलर ऑफ प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स, म्हणजे बीपीओ. इंटर्नशिप धरून साडेचार वर्षे, पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर एमपीओ पदवी. मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून असलेली ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही केंद्र सरकारची संस्था हे शिक्षण देते. कोलकात्याची राष्ट्रीय गतिशील दिव्यांगजन संस्था, ओडिशात कटकजवळची स्वामी विवेकानंद राष्ट्रीय संस्था, बंगळुरूची मोबिलिटी इंडिया या आणखी काही जागा. पुण्यात १९४४ पासून सैनिकांसाठी सुरू झालेले कृत्रिम अवयव केंद्र आहे. म्हणजे महाराष्ट्राला या कामाची परंपरा नवी नाही.

या वाटेची एक गमतीची अडचण सांगतो. माझ्या एका पेशंटच्या मुलीला मी हा अभ्यासक्रम सुचवला. दुसऱ्या दिवशी वडील आले, "डॉक्टर, इतके मार्क पडले आणि तुम्ही तिला कॉल सेंटरला पाठवताय?" बीपीओ म्हटले की लोकांना तेच आठवते. हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. ज्या व्यवसायाचे नावच पालकांना ठाऊक नाही, तिथे हुशार मुले चुकूनच पोहोचतात.

दुसरी वाट इंजिनीअरिंगची. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा बायोमेडिकलची पदवी, मग एमटेक, संशोधनाची एमएस किंवा पीएचडी, त्याला जोडून फेलोशिप. आयआयटी मद्रासमधले प्रा. सुजाता श्रीनिवासन यांचे टीटीके केंद्र, ज्याला आरटूडीटू म्हणतात, हे यातले महत्त्वाचे ठिकाण. तिथल्या कामातून 'कदम' हा कृत्रिम गुडघा २०२२ मध्ये आला. मांडीतून पाय कापलेल्यांसाठी असलेला हा गुडघा बिजागरीसारखा एकाच खिळ्यावर फिरत नाही. त्यात अनेक सांधे एकत्र फिरतात, त्यामुळे उभे असताना तो अचानक दुमडत नाही, आणि १६० अंशांपर्यंत वाकतो. बसच्या सीटवर किंवा रिक्षात बसणाऱ्याला या वाकण्याची किंमत कळते. याच केंद्राच्या कामातून निओमोशन ही कंपनी उभी राहिली आणि २०२० मध्ये तिने मापानुसार बनवलेली व्हीलचेअर आणि तिला जोडायचे मोटरचे चाक बाजारात आणले.

आपल्या राज्यात आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरण केंद्र सुरू झाले. पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी त्यात जोडले गेले. तरुण इंजिनीअर डॉक्टरांसोबत बसून अडचण समजून घेतात आणि उपकरण घडवतात, अशी ती पद्धत. अशी ठिकाणे आहेत, चांगली आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

फेलोशिप संपली, पुढे काय?

यूजीसीची कनिष्ठ संशोधन फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. पैसा पूर्वीपेक्षा बरा आहे. अडचण वेगळ्या तीन ठिकाणी आहे.

पहिली अडचण वेळेची. दिल्ली आयआयटीच्या 'स्मार्टकेन'चे उदाहरण घ्या. दृष्टिहीनांच्या पांढऱ्या काठीला लावायचे हे यंत्र ध्वनिलहरी सोडून कमरेच्या आणि डोक्याच्या उंचीचे अडथळे ओळखते आणि मुठीत थरथर देऊन सावध करते. साधी काठी फक्त जमिनीवरचे अडथळे सांगते, लटकती फांदी सांगत नाही. हे काम २००५ च्या सुमारास विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झाले आणि २०१४ मध्ये यंत्र लोकांच्या हाती आले. नऊ वर्षे. आपल्या बहुतेक फेलोशिप त्याच्या कितीतरी आधी थांबतात. मधल्या काळात विद्यार्थ्याला नोकरी लागते, प्रोटोटाइप कपाटात जातो. काकांचा पाय माळ्यावर गेला, हा कपाटात, इतकाच फरक.

दुसरी अडचण ओपीडीची. इंजिनीअरिंगचा विद्यार्थी रुग्णालयात पाहुणा म्हणून येतो. एक-दोन दिवस फोटो काढतो, प्रश्नावली भरतो, जातो. मी हे जवळून पाहिले आहे. एका कॉलेजच्या मुलांनी माझ्याकडे अर्धांगवायूच्या रुग्णासाठी हाताचा पट्टा आणला होता. कल्पना छान होती, पण तो चढवायला दोन हात लागत होते. एका हाताने जगणाऱ्या माणसासोबत त्यांनी एक सकाळ घालवली असती, तर ही चूक झालीच नसती. मुले हुशार होती, त्यांच्या अभ्यासक्रमात ती सकाळ नव्हती.

तिसरी अडचण पदाची. डॉक्टरला शिकल्यावर कुठे काम करायचे हे ठाऊक असते. रिहॅबिलिटेशन इंजिनीअरला सरकारी यंत्रणेत नेमकी जागा दिसत नाही. त्यामुळे शिकलेली माणसे सॉफ्टवेअरमध्ये, विक्रीत किंवा परदेशात जातात. त्यांना दोष देता येणार नाही.

तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहू. तिथे १९७३ च्या पुनर्वसन कायद्याखाली रिहॅबिलिटेशन इंजिनीअरिंग संशोधन केंद्रांना सरकारी पैसा मिळतो, सहसा पाच वर्षांच्या टप्प्यांत. अशा केंद्राने फक्त संशोधन करून भागत नाही. संशोधक आणि सेवा देणारे घडवणे ही त्याची जबाबदारी असते, आणि त्यात दिव्यांग व्यक्तींना प्रशिक्षणाची संधी देणे स्पष्ट लिहिलेले आहे. शिवाय पुनर्वसन संशोधनासाठी मेरी स्विट्झर यांच्या नावाच्या वैयक्तिक फेलोशिप आहेत. पिट्सबर्ग विद्यापीठात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. तिथले प्रा. रोरी कूपर स्वतः व्हीलचेअर वापरतात आणि व्हीलचेअरवरच्या संशोधनात जगभर मानले जातात. खुर्ची कुठे टोचते हे त्यांना कोणाला विचारावे लागत नाही.

अर्थात तिथेही सारे सुखाचे नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी आरोग्य खात्याने मोठी फेररचना जाहीर केली. या फेलोशिप ज्या विभागाच्या छत्राखाली होत्या, त्याची कामे वेगवेगळ्या कार्यालयांत वाटण्याचे ठरले. पन्नास वर्षे जुनी व्यवस्थासुद्धा एका निर्णयाने डळमळू शकते, हा त्यातला धडा.

आपल्याकडे दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय फेलोशिप आहे, वर्षाला २०० जागा, कोणत्याही विषयातल्या संशोधनासाठी. चांगली योजना आहे. पण त्यातले किती जण स्वतःच वापरत असलेल्या साधनांवर संशोधन करायला वळतील, हे जवळच्या विद्यापीठात तशी प्रयोगशाळा आहे की नाही यावर ठरते. विदर्भातल्या किंवा कोकणातल्या मुलाला ती जवळ नाही.

"आधी साधने तर वाटा, मग शिक्षणाचे बघू"

हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकतो आणि त्यात तथ्य आहे. केंद्राची एडिप योजना १९८१ पासून चालू आहे. कानपूरमध्ये १९७२ मध्ये स्थापन झालेली अलिम्को ही सरकारी कंपनी साधने बनवते. योजना आणि शिबिरे नसती, तर लाखो गरिबांना काहीच मिळाले नसते. शिबिर घेणाऱ्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. रांगत येणारा माणूस उभा राहून जाताना मी पाहिला आहे.

पण वाटलेले साधन वापरात राहिले नाही, तर तो पैसा माळ्यावरच गेला. साधनांचा हिशेब वाटपाच्या दिवशी होतो, वर्षभराने कोणी मोजत नाही. लसीकरणात आपण दुसरा डोस मोजतो. इथे फेरतपासणी का मोजू नये?

दुसरा युक्तिवाद असा की, आता थ्रीडी प्रिंटर आणि मोबाईलवरचे स्कॅन आले, माणसांची गरज कमी होईल. स्कॅनरने माप लवकर घेता येते, साचा परत काढणे सोपे होते, हे खरे. पण स्कॅनर वरचा आकार पाहतो. आतले हाड कुठे टोचते, त्वचा किती सोसेल, काका शेतात किती चालतात, घरी भारतीय पद्धतीचा संडास आहे का, हे विचारायला माणूसच लागतो. यंत्र त्याचा वेळ वाचवेल. त्याची जागा घेणार नाही.

काय बदलायला हवे?

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला.  म्हणून आपल्याकडून अपेक्षाही जास्त ठेवायला हरकत नाही. माझ्या मते पुढील गोष्टी होण्यासारख्या आहेत.

१. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्टचे कायम पद आणि दुरुस्तीची छोटी कार्यशाळा असावी. पद दिसले की अभ्यासक्रमाला मुले आपोआप येतील.
२. या विषयातल्या फेलोशिपला किमान सहा महिन्यांची ओपीडी सक्तीची करावी, आणि निम्मी तरी ग्रामीण भागात.
३. संशोधनाच्या फेलोशिपनंतर साधन लोकांपर्यंत नेण्यासाठी दोन-तीन वर्षांचा दुसरा टप्पा असावा.
४. निवड समितीत आणि फेलोंमध्ये साधन वापरणाऱ्या व्यक्ती असाव्यात. शोभेपुरत्या नव्हे, मत देणाऱ्या.
५. एमबीबीएसच्या इंटर्नशिपमध्ये चार दिवस तरी कृत्रिम अवयव केंद्रात घालवायला लावावेत. मला ते मिळाले असते, तर काकांना मी नुसते मलम देऊन परत पाठवले नसते.

तुम्ही काय करू शकता?

*घरात कोणी साधन वापरत असेल तर*

• कृत्रिम पाय काढल्यावर स्टम्प रोज पाहा. मागची बाजू आरशात बघा. लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली नाही, किंवा फोड, ओल, वास असेल, तर पाय घालणे थांबवा आणि लगेच दाखवा. मधुमेह असेल तर त्याच दिवशी.
• सैल वाटणाऱ्या सॉकेटमध्ये फडके कोंबू नका. स्टम्पसाठी खास मोजे असतात, ते किती घालायचे हे विचारून घ्या. मोजे वाढवत जावे लागत असतील, तर सॉकेट बदलायची वेळ आली आहे.
• व्हीलचेअर घेताना बसून पाहा. दोन्ही बाजूंना मोठी फट, लटकणारे पाय, झोळीसारखी खाली गेलेली सीट, यांपैकी काही असेल तर ती रोजच्या वापराची नाही. जाणीव नसेल तर योग्य गादीशिवाय खुर्ची घेऊ नका, आणि बसलेले असताना थोड्या थोड्या वेळाने भार हलवायचे तंत्र फिजिओथेरपिस्टकडून शिका.
• वाढत्या मुलांचे साधन काही महिन्यांनी तपासून घ्या. मूल वाढते, कॅलिपर वाढत नाही.
• माप घेणाऱ्याला पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. यात संकोच कसला? नोंदणीशिवाय हे काम करणे कायद्याने गुन्हा आहे.
• शिबिरात नाव घालताना एकच प्रश्न नक्की विचारा: "सहा महिन्यांनी सैल झाला तर कुठे यायचे?" उत्तर लेखी घ्या.
• ग्रामपंचायत आणि नगरपालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव असतो. तो दुरुस्तीला आणि प्रवासाला वापरता येईल का, हे ग्रामसभेत विचारा.

*घरात बारावीचे किंवा इंजिनीअरिंगचे मूल असेल तर*

• फिजिओथेरपी पाहत असाल, तर शेजारची बीपीओची माहितीही पाहा. प्रवेशाच्या अटी आणि परीक्षा संस्थेनुसार वेगळ्या असतात, त्या त्या वर्षीची सूचना संस्थेच्या संकेतस्थळावर वाचा. संस्थेला परिषदेची मान्यता चालू आहे का, हे आधी तपासा.
• इंजिनीअर असाल, तर शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडण्याआधी जवळच्या पुनर्वसन केंद्रात आठवडाभर नुसते बसा. विषय तिथेच मिळेल.

आता काकांचे सांगतो. मी त्यांना मुंबईला पाठवले. दोन खेपा झाल्या, मुलाचे पाच दिवसांचे काम बुडाले, एसटी आणि राहण्याचा खर्च झाला. नवे सॉकेट बसले. जुन्या पायाचे पाऊल आणि नळी चांगली होती, तीच वापरली. तिथल्या तरुण प्रोस्थेटिस्टने त्यांना अर्धा तास चालवले, काढून लाली पाहिली, घासले, पुन्हा चालवले. काका म्हणाले, "सोनार अंगठी बसवतो तसं बसवलं बघा."

मागच्या महिन्यात ते शुगर तपासायला आले, एका काठीवर. मी आधी स्टम्प पाहिला, मग शुगरचा रिपोर्ट. माझ्या ओपीडीत आता हाच क्रम आहे. तुमच्या डॉक्टरांनी पाहिला नाही, तर तुम्ही स्वतः दाखवा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. जखम, ताप, स्टम्पची सूज किंवा रंग बदलणे यांपैकी काहीही आढळल्यास वाट न पाहता डॉक्टरांना भेटा.)